मदत हवी आहे: मुलं आणि पालकांसाठी ‘आपले मासे’ कार्यशाळा, मासे कोणते आणि किती आणावेत?

रेवस_बंदर: अलिबाग तालुक्यातली शाळा. तिसरी-चौथीची ४० मुलं, सोबत आई-बाबा किंवा आजी, वेळ दोन तास. पापलेट, सुरमई, कोळंबीपलीकडे मुलांना नावं येत नाहीत. मासे ओळखणं, पिल्लं का विकत घेऊ नयेत हे समजावणं आणि शेवटी काहीतरी तळून खाणं असा बेत आहे. तारीख जुलैतली धरली आहे. शाळेत फ्रीज नाही. कोणते मासे, किती आणि काय काळजी घ्यावी?

डोळकर: आधी जुलै सोडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारा ताजा मासा बिगरयांत्रिक होडीचा असेल तर ठीक, त्यांना बंदी नाही; पण बराचसा बर्फातला असतो. नारळी पौर्णिमा उलटल्यावरचा शनिवार घ्या.

पाच-पाच मुलांचे आठ गट करा. दर ताटात दोन बांगडे, दोन बोंबील, मूठभर मांदेली, एक ढोमा. सगळे मिळून १६ बांगडे, १६ बोंबील, किलोभर मांदेली, ८ ढोमे. बांगड्याच्या कल्ल्याचं झाकण उचललं की आत पिसांसारखे काटे दिसतात. पाण्यातलं बारीक खाद्य तो त्यांनी गाळून घेतो. बोंबलाचे दात आत वळलेले असतात. तो जवळा (अगदी बारीक कोळंबी) खातो, कधी आपलीच पिल्लंही. हे ऐकून मुलं हमखास जागी होतात. ढोम्याचं डोकं पाच मिनिटं उकळून फोडलं की कानातले दोन पांढरे खडे निघतात. उकळण्याचं काम मोठ्यांनी घरूनच करून आणावं.

शिंगाळा आणू नका. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे करवतीसारखे असतात, मेलेला मासाही हात फाडतो.

मत्स्यशाळा: आकारासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींचा किमान कायदेशीर आकार ठरवला, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी. कंपासपेटीतली १५ सेंमीची पट्टी बोंबलाला पुरतच नाही. शिवाय शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, मुलं तिथूनच मोजतात आणि माप चुकतं. पापलेटाची शेपटी तुटलेली असली तरी घोळ होतो. अखंड शेपटीच्या टोकापर्यंत मोजूनही १३५ भरला नाही, तर तो नक्कीच लहान.

आणि कृपा करून ‘दाखवायला’ म्हणून पिल्लं विकत घेऊ नका. शिकवण्यासाठी घेतलं तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच. १३५ मिमीचं पापलेट पुठ्ठ्यातून कापा आणि शेजारी एक मोठं खरं पापलेट ठेवा.

रेवस_बंदर: म्हणजे ‘लहान मासा घेऊ नका’ एवढं सांगितलं की पुरे?

मत्स्यशाळा: नाही, तिथेच सगळं बिघडतं. मुलं घरी जाऊन मांदेली आणि जवळ्यालाही नाही म्हणायला लागतात. मांदेली पूर्ण वाढली तरी एवढीच. गाभोळी (पोटात अंडी) असलेली एखादी मांदेली मिळाली तर चिरून दाखवा: हा मोठा झालेला छोटा मासा. पापलेटाचं पिल्लू मात्र पिल्लूच.

जाळं समजावायला कांद्याची जाळीची पिशवी आणा. दोन्ही टोकांनी ताणली की भोकं मिटतात, म्हणजे आत सापडलेल्या पिल्लाला वाट नाही. ट्रॉलच्या (होडीमागे ओढत नेतात त्या जाळ्याच्या) शेपटाला चौकोनी आस, म्हणजे जाळीचं भोक, ठेवतात तो यासाठीच. ओढ बसली तरी तो उघडा राहतो.

बर्फवाला_राजू: खाण्याचं मी सांगतो, कारण धोका तिथेच आहे. हाताळायचा बांगडा तासभर ताटात राहणार. तो नंतर तळायचा नाही! उष्णतेत बांगडा, कुपा, तारली यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून-शिजवून जात नाही. तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं दुखणं, लोकांना वाटतं ॲलर्जी. दाखवायचे आणि खायचे मासे पहिल्यापासून वेगळ्या पेट्यांत ठेवा. किलो माशाला किलो बर्फ, फोडलेला, खाली-वर थर, आणि वितळलेलं पाणी निघून जायला भोक.

खायला मांदेलीच बरी: डोकं मोडताना आतडं सोबत ओढून काढा, हळद-मीठ-तिखट, तांदळाचं पीठ, कुरकुरीत तळा. मासे आणि कोळंबी यांच्या ॲलर्जीबद्दल पालकांकडून आधी लेखी घ्या. त्याच तेलात कोळंबी नको.

डोळकर: ओळख करून द्यायला बाजारातल्या एखाद्या मावशींना बोलवा, आणि त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडेल, त्याचे पैसे द्या. मानपत्र-नारळावर भागवू नका.

रेवस_बंदर: पालक नक्की विचारतील, मग जून-जुलैत काय खायचं?

डोळकर: सुके बोंबील, सोडे, सुकट. ताजंच हवं तर तळ्यात वाढवलेले रोहू, कटला. ‘समुद्र बंद, मग नदी’ असं मात्र सांगू नका. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध येणारे चढणीचे मासे अंडी घालायलाच निघालेले असतात.