मदत हवी आहे : थंडीतही ऊब देणारे आणि पडल्यास खरे संरक्षण देणारे मोटरसायकल जॅकेट कसे निवडावे?

मी रोज पहाटे आणि रात्री सुमारे पाऊण तास, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने मोटरसायकल चालवतो. तापमान ५ ते १० अंश असते आणि गाडीला पुढे काच नसल्यामुळे वारा थेट छातीवर येतो.

सध्या माझ्याकडे जाळीचे जॅकेट आहे. त्याच्या आत जाड स्वेटर घालून पाहिला, परंतु जॅकेट इतके घट्ट झाले की हात हँडलकडे नेताच कोपरावरील संरक्षक पॅड वर सरकू लागले. जे पॅड जागेवर राहत नाहीत त्यांचा पडताना काय उपयोग, ही माझी मुख्य चिंता आहे. वरून रेनकोट घातल्यास वारा अडतो, पण आतला घाम बाहेर पडत नाही आणि थोड्याच वेळात अधिक थंडी वाजते.

ईएन १७०९२ या मोटरसायकलच्या संरक्षक कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकातील ‘एए’ (सर्वोच्च ‘एएए’च्या खालचा) दर्जा, तसेच खांदे, कोपर व पाठ या तिन्ही ठिकाणी लेव्हल २ (म्हणजे लेव्हल १ पेक्षा जास्त धक्का शोषणारे) पॅड, एवढे मी निश्चित केले आहे. पाठीचा पॅड वेगळा घ्यावा लागला तरी चालेल. गाडीवरून वीज घेणारे गरम जॅकेट मात्र नको.

वारा व पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेले जॅकेट घ्यावे, की काढता येणारे अस्तर असलेले? आणि आत गरम कपडा घालूनही पॅड सरकू नयेत, यासाठी माप घेताना नेमके काय तपासावे?