किनारपट्टीवर बिऱ्हाड हलवायचंय: रत्नागिरी, गोवा की मंगळूर?

खारे_शेंगदाणे
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, घरात चौघं. नवऱ्याला कंपनीने घरून काम करायची कायमची मुभा दिली आहे, फक्त महिन्यातून एकदा दोन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजेरी लावावी लागते. मी औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, एचपीएलसी या औषध तपासायच्या यंत्रावर काम करते. म्हणजे जिथे जाऊ तिथे मला नोकरी मिळायला औषधांचे कारखाने जवळ हवेत. मुलगी चौथीत. सासूबाई सत्तरीच्या पुढे, बीपी आणि मधुमेह आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली.

का जायचं म्हणाल तर वाहतूक, धूळ आणि दोघांनाही असलेलं समुद्राचं वेड. भाडं १८ हजार, फार ताणलं तर २०. घर विकत घ्यायचं नाही. अलिबाग परवडत नाही, मुंबई नको. यादीत रत्नागिरी, गोवा (मडगाव किंवा फोंडा) आणि मंगळूर. विशाखापट्टणमचाही विचार झाला होता, सासूबाईंनी तो हाणून पाडला. प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगावं.

मिऱ्या_बंदर
डोळे झाकून रत्नागिरी. साळवी स्टॉप, नाचणे, मारुती मंदिर, कुठेही तुमच्या बजेटात ऐसपैस दोन बेडरूम मिळतील आणि वर पैसे उरतील. भाट्याची वाळू, मांडवीची संध्याकाळ, मिरकरवाड्याची ताजी मासळी. आपली भाषा, आपली माणसं. सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय आता. औषध कंपन्यांचं म्हणाल तर लोटे परशुराम एमआयडीसी आहेच की.

तर्कटराव
लोटे रत्नागिरी शहरापासून शंभरावर किलोमीटर आहे हो. चिपळूणच्याही पुढे, खेडच्या अंगाला. ताई रोज तिथे जाऊन घरी परत कधी येणार?

मिऱ्या_बंदर
मग चिपळूणला राहा.

तर्कटराव
चिपळूण समुद्रावर कधी आलं? आणि जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते विसरलात वाटतं. पहिला मजला गेला होता लोकांचा.

अलिबागवाला_नाना
अलिबाग परवडत नाही असं कोण म्हणतं? थोडं आत या. रेवदंडा, चौल बाजूला अजून वाव आहे. मी २०११ साली गुंठे घेतले तेव्हा लोक हसले होते, आता तेच फोन करतात. रो-रोने भाऊचा धक्का ते मांडवा तासाभरात, गाडीसकट. अटल सेतू झाल्यापासून तर बघायलाच नको. भाड्याने राहणं म्हणजे दुसऱ्याचे हप्ते भरणं.

तर्कटराव
नाना, ठळक अक्षरात लिहिलंय त्यांनी, विकत घ्यायचं नाही. शिवाय शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात शेतकरी दाखला लागतो, तो काय मांडव्याच्या धक्क्यावर मिळतो?

अलिबागवाला_नाना
एनए (बिगरशेती) प्लॉट घ्यायचा. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंदीची रेषा बघून घ्यायचा. अभ्यास केला की सगळं होतं.

किवी_कुलकर्णी
इथे न्यूझीलंडला आम्ही समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. हवा अशी की एसी नाही, पंखा नाही. नवऱ्याचं आयटीचं असेल तर एकदा इकडचाही विचार करा. भारतात किनारा म्हटलं की घाम आलाच.

सुगरण_आजी
किवीताई, त्यांचं बजेट १८ हजार रुपये आहे.

हर्णै_हून
सगळे फिरायला आल्यासारखं लिहितायत, म्हणून लिहितो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या वाडीत माड आडवे, पोफळी आडव्या, घरावरचे पत्रे शेजारच्याच्या आगरात. वीज यायला महिना उलटला. नवरा घरून काम करणार ना? मग तेव्हा काय करणार होता? पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. समुद्राचं वेड ठीक आहे, पण घर बघताना छप्पर काँक्रीटचं आहे का ते आधी बघा, खिडकीतून काय दिसतं ते नंतर.

फोंडेकार
फोंडा बघताय तर स्वागत. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा सगळी देवळं हाकेवर, सासूबाईंचा वेळ मजेत जाईल. मराठी सगळ्यांना येतं, नाटकं तर इतकी होतात की तुम्हाला पुण्याची आठवण येणार नाही. कुंडईला औषध कारखाने आहेत. दोन बेडरूम तुमच्या भाड्यात मिळेल.

दर्यावर्दी
फोंड्याला समुद्र कुठाय? प्रश्न किनाऱ्यावरच्या शहराचा आहे.

फोंडेकार
गोव्यात कुठूनही समुद्र तासाभरावर. आणि फोंड्यात खारी हवा नाही, एसी गंजत नाही.

दर्यावर्दी
तासाभरात तर कोथरूडहून हिंजवडीलाही पोचता येतं, तिथे समुद्र असता तर.

गप्पिष्ट
गंजण्यावरून आठवलं. पणजीत मिरामारजवळ राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, समोर समुद्र. नवा एसी, दुसऱ्या पावसाळ्यात बाहेरच्या युनिटची जाळी हाताने चुरा होऊन पडली. वॉरंटीत खाऱ्या हवेचा गंज बसत नाही म्हणे, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घ्यायचा तर तांब्याची कॉइल आणि तीही गंजरोधक लेप दिलेली बघा, आणि युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावूच नका, आडोशाच्या बाजूला लावा. चामड्याचे बूट, कॅमेऱ्याची लेन्स, लग्नातले शालू, सगळ्याला बुरशी. शेवटी हवेतली ओल शोषणारं यंत्र घेतलं, पावसाळ्यात रोज त्याची टाकी ओतायला लागायची.

सुगरण_आजी
मीठ ओलं होतं, पापड सादळतात, पोहे चिवट होतात. तांदळाची पुरचुंडी मिठात ठेवायची.

मंगळूर_मेल
मंगळूरबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. आठ वर्षं राहिलोय. दवाखान्यांच्या बाबतीत या यादीतलं कुठलंही शहर जवळपास येत नाही, मेडिकल कॉलेजंच किती आहेत, आणि मणिपाल तासा-दीड तासावर. सासूबाईंची तब्येत हा खरा मुद्दा असेल तर चर्चा इथेच संपते. पणंबूर, तन्नीरबावी छान किनारे. बाजारात कोंकणी चालते, तुळू शिकलात तर लोक जीव लावतात. अडचणी दोन. शाळेत मुलीला कन्नड घ्यावंच लागेल, चौथीत म्हणजे जमेल. आणि उन्हाळ्यात पाणी. थुंबे बंधाऱ्यातलं नेत्रावतीचं पाणी आटलं की शहराला दिवसाआड. २०१९ ला चांगलंच भोगलं. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर, हे पुण्याच्या माणसाला पटत नाही.

मिऱ्या_बंदर
पाण्याचा थोडा त्रास सगळीकडेच असतो.

तर्कटराव
म्हणजे रत्नागिरीतही असतो असं म्हणताय तर.

मिऱ्या_बंदर
मे महिन्यात दोन-चार आठवडे. शीळ धरण भरलं की मिटतं.

दर्यावर्दी
मंगळूरहून पुणे दर महिन्याला? नवरा अर्धा महिना गाडीतच. तसं रत्नागिरी-पुणेही सोपं नाही. कुंभार्ली घाटाने कराड-सातारा किंवा आंबा घाटाने कोल्हापूर, आठ-नऊ तास धरा, पावसात दरड आली की देव आठवतो.

मुंबईकर_मीच
मुंबई नको का म्हणे? ते पण समुद्रावरचंच शहर आहे. लोकल, दवाखाने, शाळा, नोकऱ्या, सगळं आहे.

सुगरण_आजी
१८ हजारात?

मुंबईकर_मीच
विरारच्या पुढे मिळेल.

वायझॅगचा_विनू
सासूबाईंना कशाला घाबरताय, विशाखापट्टणम या. परवाड्याला अख्खी फार्मा सिटी आहे, क्यूसीवाल्यांना मागणी. आरके बीचचा रस्ता, डोंगर, नौदल, स्वच्छता. वादळाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१४ चं हुदहुद मी पाहिलंय, झाडं गेली, शहर उभं राहिलं. पुण्याला कोणार्क एक्स्प्रेस थेट आहे.

दर्यावर्दी
थेट आहे, पण एक दिवस नि वर आणखी काही तास लागतात. दोन दिवसांच्या हजेरीसाठी?

खारे_शेंगदाणे
सगळ्यांचे आभार. पण नाना, प्लॉट नको! सासूबाई म्हणतात, जिथे मराठी कीर्तन-भजन कानावर पडणार नाही तिथे त्या येणार नाहीत. म्हणून विशाखापट्टणम बाद, मंगळूरलाही त्यांनी नाक मुरडलंय. मला दरम्यान गोव्यातल्या वेर्णे औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. मग मडगाव ठीक का? गोव्यात घर भाड्याने घेताना काय बघायचं?

गप्पिष्ट
गोव्यात भाड्याचं घर म्हणजे दिव्य. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात मालक पावसाळ्यात गोड बोलून घर देतात आणि डिसेंबर जवळ आला की त्यांची बहीण दुबईहून येणार असते. पर्यटकांकडून एका आठवड्यात तुमचं महिन्याचं भाडं निघतं ना. आम्हाला एका दलालाने अनामत घेऊन असंच झुलवलं. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या, मध्येच घर सोडायला लावायचं नाही हे कलम त्यात घाला, आणि पोलिसांचा भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाला भरायला लावा. जो मालक तो टाळतो त्याचं घर घेऊ नका. सोसायटीतला फ्लॅट घ्या, जिथे नोकरदार राहतात. बंगली, पोर्तुगीज घर वगैरे मोहात पडू नका, कौलातून पाणी पडतं.

फोंडेकार
दवाखान्याचं मी सांगतो. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) उत्तम, पण २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना तिथे पैसे पडतात. राज्याची आरोग्य विमा योजना पाच वर्षं रहिवास असेल तरच. तेव्हा सासूबाईंची मेडिक्लेम पॉलिसी बंद करू नका, कुणी काही म्हणो.

हर्णै_हून
घर डिसेंबरात बघू नका. डिसेंबरात सगळंच सुंदर दिसतं. जुलैत जा, भिंतीला हात लावून बघा, पुढच्या दाराला कुलूप लागतं का बघा (लाकूड फुगतं), वीज किती वेळा जाते ते शेजाऱ्याला विचारा. इन्व्हर्टरवर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही घ्या. वीज कडाडायला लागली की डब्याची पिन काढायची, नाहीतर तो जळतो.

मिऱ्या_बंदर
पापलेट गोव्यात महाग आहे हं. रत्नागिरीत निम्म्या भावात.

दर्यावर्दी
चांगला माल रत्नागिरीहून थेट मुंबईला आणि परदेशात जातो. उरलेला तुम्ही खाता. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळ्यांना सुकट.

मिऱ्या_बंदर
तुम्ही मिरकरवाड्याला पहाटे आलायत का कधी?

सुगरण_आजी
मासळीचा वेगळा धागा काढा बाबांनो. वेर्ण्याला जायचं तर मडगाव बरं ताई. बाजार मोठा, स्टेशन मोठं, कोळव्याची वाळू जवळ.

फोंडेकार
मडगाव +१. फोंडा नाही तर मडगाव.

गप्पिष्ट
मडगाव. मीही तेच म्हणणार होतो.

सडेकर
उशिरा वाचलं. वास्कोचं नाव कुणी घेतलं नाही अजून?

फोंडेकार
वास्कोत कोळसा खायला जायचंय का त्यांना? बंदरावरची भुकटी गॅलरीत येऊन बसते. फरशी पुसली की फडकं काळं. गोवेकर वास्कोला फक्त विमान पकडायला जातात, आता तेही मोपाच्या नव्या विमानतळाला वळलेत.

सडेकर
माझं सड्याला घर आहे, कोळशाचं तुम्ही मला सांगू नका. लढतोय आम्ही त्यावर. पण सडा आणि बायणा बंदराला चिकटून आहेत. चिखली, आल्त दाबोळी बाजूला एवढा त्रास नाही. तिकडे विमानांचा आवाज मात्र आहे, नौदलाची मिग उडाली की फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं.

दर्यावर्दी
वास्को नको. मी जहाज लागायचं म्हणून खूप राहिलोय. गावाला रूप नाही.

खारे_शेंगदाणे
मंडळी, ठरलं. नोकरी मिळाली, वेर्ण्याचीच. आम्ही वास्कोला जातोय.

मडगावला दोन खेपा घातल्या. चार घरं बघितली, एक बजेटच्या बाहेर, एकात ओल, उरलेल्या दोन मालकांनी पडताळणी अर्जाचं नाव काढताच तोंड फिरवलं (गप्पिष्ट, धन्यवाद). चिखलीला एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांचा फ्लॅट १७ हजारात मिळाला. काँक्रीटचं छप्पर, लिफ्ट, जनरेटर. वेर्णे पंधरा-वीस किलोमीटर, कंपनीची बस दाराशी. आणि गोवा एक्स्प्रेस वास्कोहूनच सुटते. दुपारी बसलं की भल्या पहाटे पुणे, येताना संध्याकाळी बसलं की सकाळी घर. मडगावलाही तीच गाडी थांबते, पण वास्कोला रिकाम्या डब्यात निवांत सामान लावता येतं. सासूबाईंना श्रावणातल्या दामोदर भजनी सप्ताहाचं कळल्यापासून त्या आमच्या आधी तयार आहेत. बोगमाळोचा किनारा जवळ आहे, आमच्या हौशीला तेवढा पुरतो.

फोंडेकार
मग आम्ही इतकं लिहिलं ते कशाला?

तर्कटराव
त्यांनी तुमचं मेडिक्लेमचं ऐकलं असेल की.

दर्यावर्दी
बघा बुवा. पावसाळ्यात ब्रागांझा घाटात दरड आली की ती गाडी रद्द होते किंवा वळवतात. बसचा पर्याय हाताशी ठेवा.

सडेकर
या ताई. गॅलरीत पांढरे कपडे वाळत घालू नका एवढंच. वाऱ्याची दिशा कळेपर्यंत तरी.

गप्पिष्ट
गाडी नेणार का? एमएच पाटी बघून पोलीस थांबवतात. बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर पुण्याच्या आरटीओची एनओसी घेऊन गोव्यात पुन्हा नोंदणी, तिथला रोड टॅक्स भरायचा, मग इकडच्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मागायचा. मी अजून मागतोय.

किवी_कुलकर्णी
बीएच पाटी घ्या ना, भारतभर चालते.

गप्पिष्ट
ती खासगी नोकरीत सगळ्यांना मिळत नाही. कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत लागतात.

खारे_शेंगदाणे
गाडी जुनी आहे, विकूनच जातोय. तिथे गेल्यावर बघू.

अलिबागवाला_नाना
कुठली गाडी? किती किलोमीटर झालेत? मेव्हणा शोधतोय.