टायपॅन जगात पहिला, मग आपलं फुरसं कितवं?

पायवाट (धागाकर्ता)

भाचा सुट्टीला आलाय, सहावीतला. 'जगातले दहा महाविषारी साप' त्याला तोंडपाठ आहेत. पहिला नंबर ऑस्ट्रेलियाच्या इनलँड टायपॅनचा. त्या दहांत फुरसं नाही आणि घोणसही नाही. काल जेवताना विचारलं, या टायपॅननं आजवर माणसं किती मारली रे? गडी गप्प. उत्तर असं की नोंद झालेला एकही मृत्यू नाही.

हा पहिला नंबर येतो उंदरांमुळे. टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मरायला किती विष लागतं ते मोजतात. टायपॅनचं विष उंदराच्या वजनाच्या दर किलोला ०.०२५ मिलिग्रॅम पुरतं. पण हा साप राहतो क्वीन्सलँडच्या पश्चिमेला, भेगाळलेल्या मातीत, जिथे मैलोन्‌मैल वस्ती नाही. १८७९ साली त्याला नाव मिळालं आणि पुढे असा गायब झाला की अभ्यासकांना पुन्हा सापडला तो १९७२ मध्ये!

आणि आपल्याकडे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. ऑस्ट्रेलियात वर्षाला दोनेक जातात. माझं म्हणणं, नंबर लावायचेच तर माणसं किती मेली त्यावर लावा. उंदरांची यादी ही निव्वळ करमणूक आहे.

तिरकस तात्या

असहमत. विषारी आणि घातक हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, ते उगाच नाहीत. मेलेली माणसं मोजलीत तर तुम्ही साप मोजत नाही, रस्ते मोजताय, दवाखाने मोजताय, पायातल्या चपला मोजताय. उद्या बिहारात प्रत्येक आरोग्य केंद्रावर लस मिळायला लागली तर नागाचं विष सौम्य झालं म्हणणार का?

ब्रिस्बेनकर

तात्यांशी सहमत. 'एकही मृत्यू नाही' हे वाक्य फसवं आहे. इनलँड टायपॅन चावला तो बहुतेक साप हाताळणाऱ्यांनाच, आणि त्यांना लस वेळेत मिळाली. त्याचाच किनाऱ्यावरचा भाऊबंद घ्या. १९५० साली केविन बडन नावाच्या विशीतल्या पोरानं केर्न्समध्ये टायपॅन जिवंत पकडला. लस बनवायला विष हवं होतं म्हणून. पकडताना चावला, दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. लस आली १९५५ मध्ये. त्याआधी हा साप चावला की माणूस वाचणं जवळपास अशक्यच होतं. आकडा शून्य दिसतो त्याच्यामागे अशी माणसं असतात.

कातळावरचा

केर्न्सचं राहू द्या, रत्नागिरीचं ऐका. गेल्या वर्षी पावसाआधी बागेचा गडगा रचायला घेतला. चिरा उचलला तर खाली फुरसं. जेमतेम फूटभर. वेटोळ्यात वेटोळं घालून खवले घासत बसलेलं, कढईत काहीतरी तळतंय असा आवाज. गडी म्हणाला, "पिल्लू आहे, काठी आणतो." वळून शेजारच्या चिऱ्याला हात टेकला, त्याच्याखाली दुसरं होतं. अंगठ्याला घेतलं. रात्री हिरड्यांतून रक्त. तालुक्याला लस होती म्हणून वाचला, पण घरी यायला आठवडा लागला. आमच्याकडे लोक नागाला हात जोडतात आणि फुरशाला हसतात. म्हणून माझं मत धागाकर्त्याला.

जागरण

फुरसं निदान खरखर करतं, घोणस कुकरसारखी शिट्टी मारते. मण्यारीचं काय? रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आग नाही की सूज नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस ओवा खातो. थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. पुढे श्वासाचे स्नायूच थांबतात. मग नुसत्या लशीवर भागत नाही, व्हेंटिलेटर लागतो. मृत्यूंच्या तुमच्या यादीत असे किती 'पोटदुखीनं गेले' म्हणून सुटले असतील?

रात्रपाळी

वीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. धागाकर्ते, मत तुमच्या बाजूनं द्यायला आले होते, पण 'निव्वळ करमणूक' वाचून थांबले.

लशीची ताकद उंदरांवरच मोजतात. १ मिलि लशीनं घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हायला हवं, हा आकडा तिथलाच. म्हणजे १० मिलिच्या कुपीनं ६ मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडते असं धरतात, म्हणून आम्ही सुरुवात ८ ते १० कुप्यांनी करतो. ते उंदीर नसते तर किती कुप्या फोडायच्या हे कोणी सांगितलं असतं?

रुग्णाला कोणता साप चावला हे बहुतेकदा कोणालाच ठाऊक नसतं. काचेच्या कोरड्या नळीत दोनेक मिलि रक्त घेऊन २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. नळी साबणानं धुतलेली असेल तर तीच खोटं बोलते. भिंतीवरच्या घड्याळाखाली नातेवाईक त्या नळीकडे बघत उभे असतात. त्यातला कोणीतरी विचारतोच, "हलवून बघू का?"

तिरकस तात्या

ताई, दंडवत. पण लशीसाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सापवाल्यांच्या संस्थेकडून येतं ना? प्रांत बदलला की एकाच जातीचं विषही बदलतं म्हणतात.

रात्रपाळी

बदलतं. म्हणूनच कधीकधी कुप्या संपत जातात आणि रक्त गोठत नाही. शिवाय आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचीच. नागराज किंवा समुद्रसाप चावला तर ती कामाची नाही.

पायवाट

'करमणूक' शब्द मागे घेतो. नंबर मात्र मेलेल्यांवरच लावणार, तात्यांनी हवं तर त्याला चपलांची यादी म्हणावं. भाच्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्याचा प्रश्न कातळावरच्यांना आहे: गड्याला गमबूट का नव्हते?

कातळावरचा

त्याला म्हणावं, मे महिन्यात कातळावर गमबूट घालून दाखव. आणि चावलं ते हाताला. यंदा जाड हातमोजे आणलेत आणि चिरा आधी पहारीनं उलटवायचा असं ठरवलंय. मोजे पहिल्याच दिवशी काढून गडग्यावर वाळत घातलेले दिसले.