बाबांना स्टेंटनंतर काय भरवावं? (ठाणे)

कळवा_खाडी: बाबा 71 वर्षांचे. अन्ननलिकेचा कॅन्सर, फुप्फुसात पसरलाय. केमो नाही, आता फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टर म्हणाले. अन्ननलिकेत स्टेंट (घास उतरावा म्हणून आत बसवलेली जाळी) टाकून 3 आठवडे झाले. वजन 41 किलो. पातळ तेवढंच उतरतं. कुठली पावडर आणू? महिन्याला 4 हजारांवर जमणार नाही.

पाचपाखाडी: सासूबाईंना आम्ही बाहेरच्या देशातली पावडर दिली. डबा अडीच हजारांचा, महिन्याला 5 डबे. अशा वेळी पैसे बघायचे नसतात.

ऐरोलीकर: दादा, त्यांनी 4 हजार म्हटलंय. मूगडाळ-तांदळाची पेज, वर तूप, मिक्सरमधून काढून गाळून घ्या. दर दोन तासांनी अर्धी वाटी, बसवूनच. पाव, पालेभाजीचे देठ, शेवगा अजिबात नको. पावाच्या एका तुकड्याने काकांचा स्टेंट बंद झाला, रात्री 2 वाजता रिक्षा शोधत फिरलो. खाल्ल्यावर कोमट पाणी द्या.

घोडबंदर_९: साखर बंद करा, कॅन्सर साखरेवरच वाढतो.

ऐरोलीकर: साखर तोडून गाठ थांबत नाही, माणूस मात्र आणखी वाळतो. गूळ, साखर, तूप, सगळं द्या.

घोडबंदर_९: आमच्या वैद्यांनी सांगितलंय.

मुलुंड_पूर्व: पोटातून भरवायची नळी घाला. आईला 5 महिने होती. आधी आणि नंतर 30 मिली पाणी सोडायचं, नाहीतर तुंबते. डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, भरवल्यावर तासभर आडवं करायचं नाही.

पाचपाखाडी: नळीच बरी. नाहीतर रोज घरी सलाइन.

वाशी_सिस्टर: सलाइनने पोट भरत नाही. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिली बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी. शरीर खंगत चाललं की ते पाणी पायांत, छातीत साठतं. ताई, भूक जाणं हा आजाराचाच भाग आहे, तुमचं काही चुकत नाहीये. तोंड सतत ओलं ठेवा. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) ओपीडीत विचारा.

घोडबंदर_९: परळला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

कळवा_खाडी: सगळ्यांचे आभार. नळीचं बाबांना विचारलं, त्यांनी हात जोडले. नाही घालणार. पावडरही नको, तिच्या वासानेच त्यांना मळमळतं. काल त्यांनी आंबील मागितली आणि चार चमचे घेतली. आता मागतील तेवढंच. वजनकाटा आतल्या खोलीत ठेवून दिला. ऐरोलीकर, नाचणीला चहाची गाळणी चालेल, की मलमलचं फडकं घेऊ?