झाडीतला छोटा डिस्क गोल्फ कोर्स: खरा कस की नुसती लॉटरी?

पटरपंत

परवा ऑफिसातल्या एका मित्राशी यावरून चांगलीच जुंपली, तिथे निकाल लागला नाही म्हणून इथे धागा काढतोय. मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला असतो, डिस्क गोल्फ खेळतोय चारेक वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गोल्फच पण बॉल आणि काठीऐवजी प्लास्टिकची चकती, खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेक कोर्स सार्वजनिक पार्कात असल्यामुळे फुकट.

तर आमच्या घराजवळ एक जुना कोर्स आहे, १८ होल (होल म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा, जितक्या कमी फेकीत संपेल तितकं चांगलं), एकही होल २६० फुटांच्या वर नाही आणि सगळा पाइन-ओकच्या झाडीत. आजकालची पोरं तिकडे फिरकत नाहीत, "पिच अँड पट आहे (म्हणजे अगदीच छोटा), पंधरा मिनिटांत कंटाळा येतो" म्हणतात, आणि दीड तास गाडी हाणून कुठल्या तरी मोकळ्या रानात ५०० फुटांचे होल खेळायला जातात. माझं म्हणणं उलटं आहे. तुमचा हात किती सरळ आहे हे बघायचं असेल तर तो या झाडीतच कळतो. मोकळ्यावर वाकडी गेलेली डिस्कसुद्धा गवतावरच पडते हो, पुढची फेक चांगली टाकली की पाप धुतलं गेलं. झाडीत पहिली फेक वाकडी गेली की ठक्क असा आवाज येतो, सगळ्या पार्काला कळतं, आणि डिस्क टीच्या मागे येऊन पडते. माझ्या बाबतीत हे खरंच झालंय, ऋण चार फूट.

बोला आता.

लांबफेक्या

पंत, बोलतोच. मी डॅलसच्या बाजूला राहतो, इथे झाडं कमी आणि वारा भरपूर, त्यामुळे माझं मत आधीच वाकडं आहे असं समजा.

झाडीतल्या छोट्या कोर्सवर कौशल्य नाही, किक असते. तुम्ही वाईट टाकली, बुंध्याला लागली, उडून बास्केटखाली पडली, बर्डी (ठरलेल्या फेकींपेक्षा एक कमी). मी तंतोतंत टाकली, बोटभर फांदी मध्ये आली, डिस्क डावीकडे झुडपात, बोगी (एक जास्त). याला खेळ म्हणायचा? दुसरं म्हणजे २०० फुटांवर दोन किंवा तीन फेकी याशिवाय निकाल नाही, डोकं कुठे लावायचं? मोकळ्यावर वारा वाचावा लागतो, समोरून वारा आला की डिस्क उजवीकडे कलंडते, मागून आला की दाबून खाली पाडतो, उंची कोन वेग सगळं बघावं लागतं. आणि डिस्कला उडताना बघायचं सुख? डिस्क ४०० फूट तरंगत जाते तो क्षण झाडीत मिळत नाही, तिथे डिस्क उडायच्या आधीच पडते.

खारूताई

मी शार्लटला असते आणि पंतांच्या बाजूने आहे पण त्यांच्याच कारणांसाठी नाही.

लांबफेक्या, तुम्ही म्हणता दोन किंवा तीनच निकाल. एकदा या आमच्याकडे. मागच्या रविवारी १९० फुटांच्या होलवर आमच्या चौघांच्या कार्डवर दोन, तीन, तीन आणि सात असे आकडे होते. सात माझे नव्हते, नवऱ्याचे होते, घरी येईपर्यंत बोलला नाही. त्याने काय केलं तर पहिली आपटल्यावर झुडपातून थेट बास्केटकडे पळवायला गेला, फट पाहिली वीतभर, म्हणाला झाडात नव्वद टक्के हवाच असते (हे वाक्य ज्याने काढलं त्याला एकदा भेटायचंय). मग दुसरं झाड. मग तिसरं. मी असते तर गपचूप बाजूला मोकळ्यात काढली असती आणि चार घेतले असते. हे डोकंच की. डोकं लावायला वाराच लागतो असं कुणी सांगितलं?

आणि नियमही झाडीतच खरे कळतात. जिवंत फांदी वाकवून जागा करता येत नाही, फांदी कमीत कमी हलेल असंच उभं राहायचं. कधी गुडघ्यावर बसून, कधी एक पाय मागे ताणून, कधी डाव्या हाताने. मोकळ्यावर वर्षभर खेळलात तरी हे शिकणार नाही.

अर्धा_इंजिनियर

भांडण ऐकून राहवलं नाही, गणित केलं.

समजा झाडीत ६० फुटांवर ८ फुटांची फट आहे. फटीच्या मध्यापासून ४ फूट इकडे ४ फूट तिकडे, म्हणजे तुमची दिशा दोन्ही बाजूंना साधारण ३.८ अंशांपेक्षा जास्त चुकता कामा नये. आता मोकळा ४०० फुटांचा होल घ्या, बास्केटभोवती १० मीटरचं पटिंगचं (बास्केटजवळच्या शेवटच्या छोट्या फेकीचं) वर्तुळ, म्हणजे ३३ फूट. तिथे चूक चालते साधारण ४.७ अंश. म्हणजे दिशेचा कस जवळजवळ सारखाच आहे की हो. फरक असा की मोकळ्यावर हा प्रश्न ४०० फूट फेकू शकणाऱ्यालाच विचारला जातो आणि झाडीत तो माझ्यासारख्या २२० फूटवाल्यालाही विचारतात.

लांबफेक्या

इंजिनियरसाहेब, अर्धंच गणित केलंत, नाव सार्थ केलंत :) मोकळ्यावर दिशेबरोबर अंतरही बसावं लागतं, ३३ फूट पुढे गेली तरी वर्तुळाबाहेर. आणि फट एक असते का? फटीच्या मागे फट, तिच्या मागे तिसरं झाड. तिन्ही पार केल्या तर कौशल्य, एकीत अडकलात तर नशीब, असं म्हणणारे तुम्हीच.

पटरपंत

एक जुनी गोष्ट आठवली, विषयाशी संबंधित आहे म्हणून टाकतो. हे कोर्स छोटे का आहेत? कुणी आळशीपणा केला म्हणून नाही. या खेळाचा पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात झाला, एड हेड्रिक नावाच्या माणसाने केला, हाच तो ज्याने पुढे साखळीची बास्केट काढली आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही या खेळाची संघटना सुरू केली. ओक ग्रोव्हला सुरुवातीला बास्केटसुद्धा नव्हत्या, खांबाला डिस्क लागली की झालं. आणि डिस्क म्हणजे काय, आपण बीचवर खेळतो तसली गोल काठाची फ्रिसबी. ती कितीशी जाणार. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेसने तिरक्या धारदार कडेची डिस्क आणली आणि तिथून अंतरं वाढायला लागली. म्हणजे कोर्स छोटे झाले नाहीत, डिस्क लांब झाल्या. त्यात पार्कवाले जागा देतात ती ओढ्याकाठची, उताराची, जिथे ना क्रिकेट होणार ना सॉकर. झाडी तिथेच असते.

म्हणून मी काय करतो, बॅग गाडीत ठेवतो आणि एक पटर (जवळच्या, हळू फेकीची चकती) घेऊन अख्खा कोर्स खेळतो. एकच. तेव्हा २१० फुटांचा होल पुन्हा २१० फुटांचा होतो. ड्रायव्हर (लांब, वेगवान फेकीची चकती) घेऊन झाडीत जाणं म्हणजे गल्लीत ट्रक घालणं, आपल्यासारख्यांच्या हाताला तेवढा वेग नसतो, आणि वेग नसला की ती डिस्क सरळ जायचं सोडून लगेच डावीकडे कोसळते (उजव्या हाताच्या बॅकहँडवाल्यांची). पटर हळू टाकला तरी सरळ जातो. नवीन लोकांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो आणि नवीन लोक पहिली गोष्ट हीच ऐकत नाहीत, दुकानातून सगळ्यात वेगवान डिस्क घेऊन येतात.

आणि या खेळातली सगळ्यात गाजलेली फेक कुठली? २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने २४७ फुटांवरून थेट साखळीत टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि मग प्लेऑफ जिंकला. २४७ फूट. पटरने. लांब फेकीचा विश्वविक्रम ३३८ मीटरचा आहे, तो कुणाचा ते इथे किती जणांना न बघता सांगता येईल?

लांबफेक्या

डेव्हिड विगिन्स ज्युनियर, २०१६. न बघता. पुढे बोला.

पटरपंत

😀 मान्य. एक पॉइंट तुम्हाला.

सांगलीकर_आजोबा

नमस्कार मंडळी. मी खेळाडू नाही, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलोय, कॅरीशेजारच्या मॉरिसव्हिलला. इथे दुपारी करायचं काय हा मोठाच प्रश्न असतो, तेव्हा नातू मला या चकतीच्या मैदानावर घेऊन जातो. वय वर्षे सदुसष्ट, डावा गुडघा कुरकुरतो. त्या मोकळ्या मोठ्या कोर्सवर एकदा गेलो होतो, चालून चालून जीव गेला आणि डोक्यावर ऊन, नवव्या होलवरच बाकड्यावर बसून राहिलो. हा झाडीतला छोटा कोर्स मात्र सावलीत तास-सव्वा तासात होतो, थांबत थांबत, वाटेत खारी बघत.

तुमचा वाद वाचून गंमत वाटली. आम्ही लहानपणी दगड मारून कैऱ्या पाडायचो, शंभर पानांतून एक कैरी हेरायची आणि नेमकी तीच पाडायची, राखणदार यायच्या आत. इथे झाड चुकवायचं असतं आणि माझा हात अजून झाडावरच जातो. नातू म्हणतो आजोबा तुम्ही एकही झाड सोडत नाही.

खारूताई

आजोबा, तुमची कॉमेंट धाग्यातली बेस्ट! फक्त एक सांगते, काळजीपोटी. झाडीत डिस्क शोधायला शिरताना पायात लांब पँट आणि मोजे घाला, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी गोचीड चिकटलीय का बघा, इथल्या गोचिडींमुळे आजार होतात. तीन पानांचा पॉइझन आयव्ही नातवाकडून ओळखून घ्या, त्याचं तेल डिस्कलाही लागतं आणि मग हाताला खाज. आणि पाचोळ्यात हात घालायच्या आधी काठीने हलवा, कॉपरहेड साप पाचोळ्याच्याच रंगाचा असतो. घाबरवत नाहीये, आपल्याकडे शेतात जाताना बघतो तसंच.

वडाची_पारंबी

सगळे खेळाडूंच्या बाजूने बोलताहेत, झाडांच्या बाजूने कुणीतरी बोला. मी खेळत नाही, याच पार्कातून रोज चालते. टीसमोरची पहिली दोन-तीन झाडं बघितलीत का कधी? छातीच्या उंचीला साल सोलून निघालेली असते. पाइनची साल जाड, तो सोसतो, पण बीचसारख्या पातळ सालीच्या झाडाला तीच जखम महागात पडते, कीड बुरशी तिथूनच शिरते. बास्केटभोवती तर गवताची काडी नाही, पायांनी माती दगडासारखी दाबली गेलीय, मुळं उघडी पडलीत. लांबफेक्या म्हणतात झाडामुळे त्यांचा स्कोर बिघडतो. झाडाला विचारा.

पटरपंत

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच आहे. आमच्याकडे काही लोकांनी टीसमोरच्या झाडांपुढे लाकडी खांब रोवलेत, बास्केटभोवती लाकडाचा भुसा टाकतात, दोन बास्केट आलटून पालटून दुसऱ्या जागी हलवतात म्हणजे जुनी जागा जरा श्वास घेते. तेवढ्याने सगळं भागतं असं नाही. पण एकच विचार करा, हा कोर्स नसता तर ती ओढ्याकाठची झाडी तशीच राहिली असती की तिथे पार्किंग आलं असतं?

वडाची_पारंबी

"नाहीतर पार्किंग आलं असतं" हे उत्तर मी पुण्यात टेकडीच्या बाबतीतही ऐकलंय. नवीन रोपं वाचवायला काय करताय ते सांगा, जुनी झाडं मेल्यावर तुमची ती फट किती फुटांची होईल?

एस्पोकर

फिनलंडहून लिहितोय. इथे हा खेळ गल्लीबोळात आहे आणि झाडी तर काय, जंगलातच देश वसवलाय. आमच्याकडे वाद वेगळाच असतो, हिवाळ्यात चार वाजता अंधार आणि बर्फात डिस्क बुडते, म्हणून लोक डिस्कला मागे रिबिन चिकटवतात. छोट्या कोर्सचं मला एवढंच कौतुक की ऑफिस सुटल्यावर अंधाराआधी एक राऊंड होतो. पाच वर्षांची पोरगी सोबत असते, ती ५०० फुटांच्या होलवर आली असती का? नसती. बाकी कोणता "खरा" ते तुम्ही ठरवा, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लांबफेक्या

अपडेट देतो. कंपनीच्या कामाने कॅरीशेजारच्या रॉलीला आलो होतो, पंतांनी पर्सनल मेसेज करून बोलावलं, एक पटर हातात दिला आणि म्हणाले चला. ही अट मी मानली कारण बॅग डॅलसला होती, दुसरं कारण नाही.

अठरा होल, ५४ पार (ठरलेल्या फेकी), माझे ६६. पंतांचे ५९. सहाव्या होलवर, तो ओढ्यावरून उजवीकडे वळणारा, मी फोरहँड टाकला, मला अजूनही वाटतं तो दिवसभरातला सर्वांत चांगला शॉट होता, आणि एका वाळक्या फांदीने, जी तिथे असायचं काही कारण नव्हतं, तो ओढ्यात घातला. तेराव्यावर पंतांची डिस्क दोन झाडांना लागून बास्केटपासून सहा फुटांवर पडली, बर्डी, आणि हा माणूस हसला. किक असते म्हटलं ते हेच. माझं मत बदललेलं नाही.

मात्र पटर हळू टाकला की खरंच सरळ जातो हे मानतो. घरी येऊन मोकळ्या मैदानात टाकून बघितला, २३० फूट सरळ, कधी गेला नव्हता. आणि सात फेक खर्च करून एक होल संपवला तेव्हा खारूताईंच्या मिस्टरांची आठवण आली, त्यांना सांगा मी पण गाडीत बोललो नाही.

खारूताई

सांगितलं. म्हणतोय कितव्या होलवर?

लांबफेक्या

नवव्या. त्या जुळ्या पाइनमधली फट.

पटरपंत

तिथे फट नाहीये हो, सगळे डावीकडून काढतात.

लांबफेक्या

हे तेव्हा सांगायचं ना राव!!

सांगलीकर_आजोबा

नवव्या होलच्या मागे ओढ्यात नातवाला काल एक निळी डिस्क सापडली, मागे मराठीत "परत द्या" लिहिलंय. कुणाची आहे?