मदत हवी आहे: जावास्क्रिप्टमध्ये उतरणाऱ्या भाषेतलं 'इफ'

नमस्कार मंडळी. गेले काही महिने एक छोटी भाषा लिहितोय. तिचा कंपायलर जावास्क्रिप्ट तयार करतो. लेक्सर (मजकुराचे शब्द-चिन्हं असे तुकडे पाडणारा), पार्सर (त्या तुकड्यांची रचना ओळखणारा) झाले. अडलंय ते इफपाशी, म्हणजे अट तपासून वाट निवडणाऱ्या रचनेपाशी.

माझ्या भाषेत इफ हे एक्स्प्रेशन (किंमत देणारी रचना) आहे, त्याची किंमत थेट व्हेरिएबलमध्ये ठेवता येते. जावास्क्रिप्टमध्ये ते स्टेटमेंट, म्हणजे नुसती कृती, किंमत देत नाही. साध्या जागी टर्नरी ऑपरेटर (अट ? हे : ते) चालतो, पण इफच्या एखाद्या फांदीत लूप आला की संपलं. म्हणून अख्खा इफ एका फंक्शनमध्ये गुंडाळून तिथल्या तिथे कॉल केला. तर आतला रिटर्न त्या गुंडाळीतूनच परत यायला लागला, आणि ब्रेक असेल तर थेट सिंटॅक्स एरर!

दुसरा मार्ग म्हणजे आधी तात्पुरतं व्हेरिएबल काढून प्रत्येक फांदीत त्याला किंमत द्यायची. मला हाच बरा वाटतो. पण इफ जर फंक्शन कॉलचा दुसरा आर्ग्युमेंट असेल, तर पहिला त्याच्या आधी चालायला हवा, म्हणून तोही तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये टाकावा लागतो.

हे सिंटॅक्स ट्रीवरच (पार्सरने बनवलेल्या झाडासारख्या रचनेवर) करावं, की आधी ए-नॉर्मल फॉर्मसारखं (जिथे प्रत्येक मधल्या किमतीला नाव दिलेलं असतं) मधलं रूप बनवावं? आणि असं केल्यावर सोर्स मॅपमधले (तयार कोडची ओळ मूळ कोडच्या ओळीशी जोडणाऱ्या नोंदीतले) ओळ-क्रमांक कसे सांभाळता? डीबगरमध्ये वापरणाऱ्याला त्याने लिहिलेलीच ओळ दिसावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.