मदत हवी आहे : न्यूमोनियानंतर बाबांना पुन्हा चालतं कसं करावं?

बाबा 78 वर्षांचे आहेत. न्यूमोनियासाठी दवाखान्यात आज सातवा दिवस. ताप उतरला, ऑक्सिजनही काल काढला. पण जो माणूस रोज सकाळी स्वतः दूध आणायला जायचा, त्याला आता संडासपर्यंत न्यायला दोघं लागतात. मांड्या तर हाताला मऊ लागतात. आठवड्याभरात एवढी ताकद जाते, हे मला खरंच माहीत नव्हतं.

श्वास ओढून गोळे वर उचलायचं, फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर दिलंय. पहिला, सगळ्यात सोपा, 600 चा गोळा जेमतेम उचलला जातो, मग खोकल्याची उबळ येते आणि ते नळी बाजूला सारतात. डॉक्टर म्हणाले, कफ सुटायला नुसती पाठ थोपटून भागणार नाही, उठून बसणं आणि चालणं जास्त महत्त्वाचं. पण वॉर्डात फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदाच येतात, दहा मिनिटं. बाकी वेळ बाबा आडवेच.

परवा बहुतेक घरी सोडतील. खुर्चीतून उठ-बस, वॉकर धरून चालणं हे तुम्ही घरी दिवसातून किती वेळा करून घेतलंत? चालताना ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 94 वरून 90 दिसतो, तेव्हा थांबवायचं का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभवही हवेत. साताऱ्यात घरी येणारे चांगले फिजिओ माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आणि "मला पडून राहू द्या" म्हणणाऱ्या माणसाला उठवता कसं हो?